रूप, काता आणि डाव : द्वंद्वविद्येतील शून्यविचाराच्या अनुवादाचा इतिहास

१

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे नाव कानावर पडताच मराठी माणसाला त्यात ‘मराठा’ ऐकू येतो. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर, १६३८ पासून १६८७ पर्यंतचा भोसल्यांचा अंमल, त्यानंतर शहराचे चिक्कदेवराज वोडेयरांकडे झालेले हस्तांतर हा सारा इतिहास खरा आहे. त्यामुळे या ध्वनिसाम्याला पुराव्याचे मोल देण्याचा मोह होतो. त्याच परिसरात दुसरी लोकव्युत्पत्तीही सांगितली जाते. तिच्या मते, जवळच्या विमान कारखान्यात घडलेल्या आणि १९६१ मध्ये प्रथम झेपावलेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानावरून हे नाव पडले. दोन्ही व्युत्पत्तींची पद्धत एकच आहे. दोन शब्द सारखे ऐकू आले की त्यांच्यामध्ये इतिहासाचा पूल बांधायचा.

या उपनगरातील वसाहतींच्या सभागृहांत संध्याकाळी कराटेचे वर्ग भरतात. मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली घरांतील मुले पांढऱ्या गणवेशात ओळीने उभी राहून जपानी अंक मोजत एकेक ‘काता’ पूर्ण करतात. ‘काता’ म्हणजे ठरावीक हालचालींची बांधीव मालिका. इंग्रजीत तिला ‘फॉर्म’ म्हणतात. कराटे या नावातील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘शून्य’, काता म्हणजे ‘रूप’, आणि रूप हेच शून्य असल्याचे बौद्ध सूत्र सांगते. म्हणून ही विद्या म्हणजे झेन तत्त्वज्ञानाचा देहाने केलेला पाठ, असे समीकरण इंग्रजीतील लोकप्रिय लेखनातून जगभर पसरले आहे. सूत्र मुळात भारतीय असल्याने आपल्याकडे त्यात अभिमानाचीही भर पडते. प्रस्तुत निबंधाचा हेतू या समीकरणाची भाषिक आणि ऐतिहासिक तपासणी करण्याचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : द्वंद्वविद्येतील ‘रूप आणि शून्यता’ या चर्चेचा बराचसा भाग अनुवादाने घडवलेला आहे. तो अनुवाद उलगडून पाहिला, तर या चर्चेतील मोलाचा अंश मराठी तालमीच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने मांडता येतो. मात्र त्यासाठी उगमाचा दावा सोडून द्यावा लागतो.

२

प्रथम ‘रूप’ हा शब्द घेऊ. प्रज्ञापारमितेच्या परंपरेतील हृदयसूत्रात रूप आणि शून्यता यांचा अभेद सांगितला आहे. तेथे रूप हा पंचस्कंधांपैकी पहिला स्कंध आहे; वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे त्याचे चार सोबती. रूप म्हणजे देह, भौतिक पदार्थ, इंद्रियांना गोचर होणारे जड. आकार, बांधणी किंवा नियमबद्ध रचना हा या पारिभाषिक शब्दाचा प्रधान अर्थ नव्हे. चिनी अनुवादकांनी त्यासाठी रंग वा दृश्य सुचवणारे अक्षर योजले. जपानी पठणात त्याचा उच्चार ‘शिकी’ होतो. द्वंद्वविद्येतील ‘काता’ हा शब्द निराळा, त्याची अक्षरे निराळी आणि त्याचा अर्थ साचा वा नमुना असा. जपानी वाचकाला ‘शिकी’ आणि ‘काता’ एक वाटण्याचे कारण नाही.

हे दोन शब्द एकत्र आले ते इंग्रजीत. मॅक्स म्यूलरच्या १८९४ च्या अनुवादापासून एडवर्ड कॉन्झच्या विसाव्या शतकातील अनुवादापर्यंत ‘रूप’ला ‘फॉर्म’ हाच प्रतिशब्द रूढ राहिला. पुढे आशियाई द्वंद्वविद्या इंग्रजीत शिकवल्या जाऊ लागल्या, तेव्हा ‘काता’साठीही हाच शब्द आला. दोन स्वतंत्र संकल्पना एका परक्या शब्दाच्या छपराखाली राहू लागल्या आणि कालांतराने त्यांचे नाते रक्ताचे समजले गेले. मारतहळ्ळीच्या व्युत्पत्तीसारखाच हा प्रकार आहे.

मूळ सूत्राकडे वळून ही गुंतागुंत टाळता येईल असेही नाही. जॅन नॅटियर यांनी १९९२ मध्ये असे प्रतिपादन केले की हृदयसूत्राची रचना चीनमध्ये, मोठ्या प्रज्ञापारमिता ग्रंथाच्या चिनी अनुवादातील मजकूर घेऊन झाली असावी आणि उपलब्ध संस्कृत पाठ हा त्याचा उलट अनुवाद असावा. हा वाद मिटलेला नाही. पण ज्या सूत्राच्या आधारे आपण भारतीय मूळ सिद्ध करू पाहतो, त्याचा संस्कृत देहच अनुवादित असण्याची शक्यता तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये.

३

‘शून्य’ या दुसऱ्या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. ओकिनावा बेटावरील या विद्येचे नाव पूर्वी ज्या अक्षरांनी लिहीत, त्यांतील पहिले अक्षर चीनच्या तांग राजवंशाचे, म्हणजे पर्यायाने ‘चिनी’ या अर्थाचे होते. त्याचा एक उच्चार ‘कारा’. ‘रिकामे’ या अर्थाच्या वेगळ्या अक्षराचा उच्चारही ‘कारा’च होतो. हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्ये हे दुसरे अक्षर वापरले होते. फुनाकोशी गिचिन (१८६८-१९५७) यांनी आपल्या १९३५ च्या ग्रंथात त्याचा पुरस्कार केला आणि १९३६ मध्ये नाहा येथील आचार्यांच्या बैठकीत ते स्वीकारले गेले. जपान चीनशी युद्धाच्या उंबरठ्यावर असताना एका जपानी विद्येच्या नावातून चीन वगळला गेला, हे राजकीय वास्तव या बदलामागे होते.

फुनाकोशींनी मात्र या अक्षराला तात्त्विक अर्थ दिला. शस्त्राविना रिकामा हात हा पहिला अर्थ. अहंकार आणि दुष्ट हेतू यांपासून रिते झालेले मन हा दुसरा. आणि हृदयसूत्रातील शून्यता हा तिसरा. हे शक्य झाले, कारण त्या अक्षराची दोन वाचने आहेत. देशी वाचन ‘कारा’, म्हणजे रिकामे. चिनी वळणाचे वाचन ‘कू’, म्हणजे बौद्ध परिभाषेतील शून्य. मराठीत आपण हात रिकामा म्हणतो, मन मोकळे म्हणतो, बांबू पोकळ म्हणतो आणि तत्त्वज्ञानात शून्य म्हणतो. चार शब्दांत आपण जे वेगळे ठेवतो, ते तेथे एका अक्षरात सामावते. फुनाकोशींचे विवेचन फसवे आहे असे मी म्हणत नाही. एखाद्या लेखनचिन्हाच्या अनेकार्थतेतून नवा विचार निर्माण करणे हे साहित्याला परिचित असलेले कार्य आहे. पण ते विसाव्या शतकातील कार्य आहे, याचे भान हवे. शिवाय फुनाकोशींनी बौद्ध सूत्राशी जोडला तो ‘कारा’, ‘काता’ नव्हे. ‘काता म्हणजे रूप’ ही भर नंतरच्या अनुवादाची.

याच शतकात युजेन हेरिगेल हा जर्मन प्राध्यापक १९२४ ते १९२९ या काळात सेंदाई येथे अध्यापन करीत असताना आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाने झेन आणि धनुष्य यांचे समीकरण पाश्चात्त्य वाचकाच्या मनावर ठसवले. बाण मी सोडत नाही, ‘ते’ सोडते, हा त्या पुस्तकाचा गाभा. यामादा शोजी यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की आवा हे झेन साधनेत दीक्षित नव्हते, गुरुशिष्यांचा संवाद दुभाष्यामार्फत चाले आणि ते गूढ ‘ते’ बहुधा ‘हां, हे जमले’ अशा अर्थाच्या साध्या जपानी उद्गाराचा चुकीचा अनुवाद असावे. गुरूने दिलेली शाबासकी शिष्याने साक्षात्कार म्हणून नोंदवली, असा याचा अर्थ होतो.

४

मग जपानी परंपरेत शून्य आणि शस्त्र यांचा जुना संबंध नाहीच काय? आहे. सतराव्या शतकातील झेन भिक्षू ताकुआन सोहो (१५७३-१६४५) याने शोगुनचा खड्गशिक्षक यागयू मुनेनोरी याला उद्देशून लिहिलेल्या प्रबंधात चित्त कोठेही अडकू न देण्याचा उपदेश केला आहे. सहस्रभुज अवलोकितेश्वराचे चित्त एका हातावर थांबले तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव हात निकामी होतील, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर लक्ष खिळले की ती तलवार आपल्याला बांधते. आपल्या तलवारीवर खिळले तरी तेच. मियामोतो मुसाशीने १६४५ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या पाच भागांपैकी शेवटचा भाग शून्याला दिला आहे. आपल्याला जे कळत नाही त्यालाच लोक शून्य समजतात, पण तो केवळ भ्रम आहे, असे तो बजावतो.

या दोघांच्या लेखनातील शून्य म्हणजे अभाव नव्हे. ताकुआनच्या दृष्टीने ते न अडकणे आहे. मुसाशीच्या बाबतीत, जे आहे ते पूर्णपणे जाणल्यानंतरच त्याच्याकडे जाता येते. येथे ‘रूप’ मोडून टाकायचे नसते. ते इतके अंगवळणी पडलेले असावे लागते की त्याची आठवण ठेवावी लागू नये. जपानी द्वंद्वविद्येच्या शून्यविचारातील हा मला ग्राह्य वाटणारा गाभा आहे.

५

भारतात या विषयाची चर्चा निघाली की पहिले नाव येते बोधिधर्माचे. दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात युद्धविद्या शिकवली, म्हणून कराटेचे मूळ भारतीय, अशी कथा वर्गावर्गातून सांगितली जाते. २०११ च्या एका तमिळ चित्रपटाने तिला पुन्हा उजाळा दिला. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग नगरीच्या मठांच्या वृत्तान्तात आहे. तेथे तो पश्चिमेकडून आलेला पारशीक आहे. दक्षिण भारताशी त्याला जोडणारी नोंदही प्राचीन आहे, परंतु दोहोंतही युद्धविद्येचा मागमूस नाही. त्याच्या नावावर खपवलेल्या स्नायुबलवर्धनाच्या पुस्तिकेचे मूळ सतराव्या शतकाच्या पलीकडे जात नाही, हे तांग हाओ यांच्यापासून मेईर शहार यांच्यापर्यंतच्या संशोधकांनी स्पष्ट केले आहे.

ही कथा सोडून दिली तर आपल्या हाती काय उरते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी कांचीपेक्षा कल्याणला जावे, असे मला वाटते. आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण हे मराठी-कन्नड सीमेवरील नगर बाराव्या शतकात चालुक्यांची राजधानी होते. तेथे तिसऱ्या सोमेश्वराच्या नावे ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या गीतविषयक भागात मराठी पद्यपंक्ती आढळत असल्याने मराठी वाङ्मयेतिहासाला हा ग्रंथ परिचित आहे. याच ग्रंथाच्या ‘मल्लविनोद’ या प्रकरणात मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार, श्रम आणि द्वंद्वाची रीत यांचे वर्णन येते. त्यानंतर काही दशकांतच त्याच नगरात बसवेश्वरांभोवती शरणांची मांदियाळी जमली. तिच्या अध्यक्षस्थानाला परंपरा ‘शून्यसिंहासन’ म्हणते आणि अल्लमप्रभू त्यावर विराजमान झाल्याचे सांगते. पंधराव्या शतकापासून संकलित होत गेलेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात त्या संवादांची गुंफण आहे. अल्लमांच्या वचनांत शून्याला समांतर असा ‘बयलु’ हा देशी शब्द येतो. उघडे माळरान, मोकळा अवकाश हा त्याचा लौकिक अर्थ.

एकाच नगरात, एकाच शतकात, एकीकडे देहाच्या द्वंद्वाचे शास्त्र आणि दुसरीकडे शून्याचा विचार उभा आहे. तरीही या दोहोंना जोडण्याचे काम ना राजाच्या ग्रंथाने केले, ना शरणांच्या परंपरेने. मल्लविनोदाचे प्रयोजन राजाचे रंजन; शरणांच्या संवादाचे प्रयोजन मुक्ती. मल्ल हा पोसलेला सेवक होता आणि शरण राजसत्तेशी झगडत होता. जपानमध्ये खड्गशिक्षक आणि भिक्षू हे दोघेही एकाच शासकवर्गाच्या आश्रयाने वावरत असल्यामुळे त्यांच्यात पत्रव्यवहार होऊ शकला. कल्याणमध्ये तसा संवाद घडण्याची सामाजिक जागाच नव्हती. संबंधाच्या अभावाचे हे कारण उगमाच्या कोणत्याही दाव्यापेक्षा मला अधिक अर्थपूर्ण वाटते.

६

ग्रंथांनी न जोडलेले व्यवहाराच्या भाषेत मात्र सापडू शकते. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतील परिभाषा पाहावी. तेथे कुस्तीच्या प्रयोगाला ‘डाव’ म्हणतात. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी, धोबीपछाड ही त्यांची नावे. प्रत्येक डावाला ‘तोड’ असते आणि त्या तोडीलाही तोड असते. प्रतिस्पर्धी पटात घुसण्यासाठी खाली झुकला की दुसरा पाय मागे फेकून त्याच्या मानेवर भार टाकतो. तो भार पेलण्यासाठी खालचा वळतो आणि त्या वळण्यातच वरच्याला नवी पकड मिळते. धोबीपछाड ही वस्तू म्हणून कोठेही अस्तित्वात नाही. समोरच्याचा हात, त्याचा पुढे आलेला तोल, आपली कंबर आणि नेमका क्षण यांच्या संयोगातून ती संभवते. त्यांतील एक अंग बदलले की डाव उरत नाही.

नागार्जुनाच्या शून्यतेचा अर्थ हाच आहे. तिबेटी परंपरा ज्याला विदर्भाचा मानते, त्या या आचार्याने शून्यता म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद अशी मांडणी केली. कोणतीही गोष्ट स्वतःच्या स्वभावाने सिद्ध नसते, इतर हेतू आणि प्रत्यय यांवर अवलंबून ती उत्पन्न होते, म्हणून ती शून्य. शून्य म्हणजे नसणे नव्हे; स्वयंसिद्ध नसणे. प. ल. वैद्य यांनी नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव याच्या चतुःशतकावर १९२३ मध्ये पॅरिसमध्ये प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून माध्यमिक विचार मराठी विद्वत्तेच्या परिघात आहे. परंतु तालमीतील ‘डाव’ आणि ‘तोड’ ही जोडी त्या विचाराचे किती नेमके उदाहरण ठरू शकते, याकडे आपले लक्ष गेलेले नाही. वस्ताद नागार्जुनाचे नाव घेत नाहीत आणि त्यांनी ते घ्यावे असेही नाही. हा प्रभाव नव्हे, साधर्म्य आहे. आणि साधर्म्य असल्यामुळेच ते तौलनिक अभ्यासाचा विषय होते.

काताला जवळचा मराठी प्रकार शोधायचा तर तो मल्लखांब होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले आणि पुढे द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त भारतीय व्यायामविद्येला ग्रंथप्रतिष्ठा मिळाली. मल्लखांब या नावातच प्रतिस्पर्ध्याची जागा सांगितली आहे : समोरचा मल्ल हा खांब आहे. कातामध्ये तोही नसतो. प्रतिस्पर्ध्याच्या जागी केवळ हवा असते. एकाकी सरावात जोडीदाराची जागा राखून ठेवलेली असते, आणि ती जागा विसरली गेली की काता नृत्य होते व मल्लखांब कसरत होते. ‘रूप’ शून्य आहे या विधानाचा येथे लागू पडणारा अर्थ असा की ते दुसऱ्यावाचून अपुरे आहे.

७

एवढी चिकित्सा करण्याचे कारण केवळ शब्दशुद्धी नव्हे. शून्यतेचा अर्थ ‘काहीच नाही’ असा केला की त्यातून भयंकर निष्कर्ष काढता येतो. ताकुआनच्याच लेखनात असा एक उतारा आहे, की ज्यात उगारलेली तलवार शून्य, ती उगारणारा शून्य आणि जो कापला जाणार तोही शून्य ठरतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या जपानमध्ये अनेक झेन आचार्यांनी याच भाषेत सैनिकाच्या हत्याकर्माला आध्यात्मिक अधिष्ठान दिले, याचा पुरावा ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ मध्ये मांडला. शून्य आणि खड्ग यांचे काव्यमय नाते इंग्रजी वाचकाला समजावून देणारा दै. त. सुझुकींचा ग्रंथ १९३८ मधला आहे, ही तारीखही बोलकी आहे. मारला जाणारा मुळात नाहीच, हा युक्तिवाद आपल्यालाही अपरिचित नाही. आत्म्याच्या अमरत्वाच्या भाषेत तो आपल्याकडेही करता येतो आणि केला गेला आहे.

नागार्जुनाला हा धोका ठाऊक होता. चुकीच्या पद्धतीने पकडलेला साप जसा पकडणाऱ्याचाच घात करतो, तशी चुकीच्या रीतीने ग्रहण केलेली शून्यता मंदबुद्धीचा घात करते, असा इशारा त्याने दिला आहे. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शून्यवादाला वेगळ्या दिशेने हरकत घेतली : सर्व शून्य आहे हे ज्याच्या सत्तेने सिद्ध होते, त्याला शून्य कसे म्हणावे? त्यांची हरकत माध्यमिकांच्या शून्यतेला कितपत लागू पडते, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. पण ‘शून्य म्हणजे काहीच नाही’ या समजुतीला ती निश्चितच लागू पडते, आणि द्वंद्वविद्येच्या लोकप्रिय साहित्यात हीच समजूत वावरते आहे.

डाव आणि तोड यांच्या भाषेत मात्र या निष्कर्षाला वाव नाही. जोडीदार नसेल तर माझा डाव संभवतच नाही. म्हणून त्याचे असणे ही माझ्या विद्येची अट आहे. त्याला शून्य ठरवून मी स्वतःच निराधार होतो. चीतपट झालेल्या मल्लाला हात देऊन उठवण्याची रीत याच जाणिवेतून आली असे ऐतिहासिक विधान मी करणार नाही. ती रीत या जाणिवेशी सुसंगत आहे, एवढेच म्हणता येईल.

तालमीत पहाटे सरावापूर्वी हौदा खणला जातो. फावड्याने तांबडी माती खालीवर करून, ढेकळे फोडून ती सपाट करतात. आदल्या दिवशीचे पाय रोवल्याचे, पाठ टेकल्याचे, ओढाताणीचे सारे ठसे त्या मातीत मिसळून जातात. मातीत काही उरले नाही असे मात्र नसते. वर्षानुवर्षे मुरलेले तेल, ताक, हळद आणि घाम तिच्यात असतो, आणि तेवढ्यामुळेच ती पडणाऱ्याला झेलते. मारतहळ्ळीच्या सभागृहात काता संपवून मुले नमस्कार करतात, तेव्हा त्यांच्यासमोर कोणीही नसते. त्या रित्या जागेला केलेला नमस्कार हा ज्याच्यावाचून आपली विद्या अपुरी आहे त्या जोडीदाराला केलेला आहे, एवढे त्यांना समजावून देता आले, तर झेन शब्दही न उच्चारता शून्यतेचा पहिला पाठ झाला असे म्हणता येईल.